तळणीच्या तेलासाठी माती काय करते आणि काय करत नाही

तळून तळून काळपट झालेलं तेल शंभर अंशांच्या आसपास तापवायचं, शंभर किलोला दोन-तीन किलो या हिशेबाने त्यात कोरडी माती टाकायची, अर्धा तास ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. खाली येणारं तेल आधीपेक्षा इतकं उजळ दिसतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, झालं, तेल शुद्ध झालं. हा समज चुकीचा आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासून इंधन करण्याच्या कामात मातीचा वाटा किती, हे कळायचं तर आधी हा समज बाजूला ठेवावा लागतो. माती रंग काढते, साबण पकडते, धातूंचे अंश धरून ठेवते. पण इंधन बनवणाऱ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी असते तेलातलं आम्ल, आणि तिथे माती जवळजवळ हात टेकते.

कढईत तेलाचं काय होतं

खाद्यतेलाचा रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड. ग्लिसरीनचा एक लहानसा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. शेंगदाणा असो, सोयाबीन असो की पाम, सांगाडा हाच. फरक असतो तो साखळ्यांच्या लांबीत आणि त्यांच्यातल्या दुहेरी बंधांच्या संख्येत.

तळणीचं तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सियसवर असतं. त्यात वडा सोडला की वड्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती तडतडत बाहेर पडते. जाता जाता ही वाफ काही ट्रायग्लिसराइडचे रेणू फोडते. कण्यापासून सुटलेली साखळी तेलात मोकळी फिरू लागते. तिला म्हणतात मुक्त मेदाम्ल. त्याच वेळी हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांशी जुळतो आणि पेरॉक्साइड, मग आल्डिहाइड अशी संयुगं तयार होतात. तेलाला येणारा खवट वास यांचाच. शिवाय सततच्या उष्णतेने साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि मोठे, जड रेणू बनतात. तेल दाटतं, कढईच्या कडेला घासूनही न निघणारा चिकट थर बसतो, नवा घाणा टाकला की फेस वर येतो आणि लवकर खाली बसत नाही.

काळा रंग मात्र बराचसा पदार्थाचा असतो. बेसन, मैदा, साखर, हळद, तिखट, आणि तळाशी बसून पुन्हापुन्हा जळणारा चुरा. त्यात मीठ असतं, थोडं पाणी असतं, पदार्थातून आणि भांड्यातून आलेले लोह-तांब्यासारख्या धातूंचे सूक्ष्म अंशही असतात.

म्हणजे वापरलेल्या तेलाच्या डब्यात एकच घाण नसते. विरघळलेलं आम्ल वेगळं, ऑक्सिजन लागून बिघडलेली संयुगं वेगळी, जोडले गेलेले जड रेणू वेगळे, आणि साका, पाणी, मीठ वेगळं. माती यांतल्या प्रत्येकाशी वेगळी वागते. सगळा लेख खरं तर या एका वाक्याचा विस्तार आहे.

आम्लाचा जाच

तेल थेट डिझेल इंजिनात का घालायचं नाही? घालता येतं, आणि घातलंही गेलं आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. पण तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट. आजच्या इंजिनांच्या बारीक नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही, ते अर्धवट जळतं आणि काजळी धरते. उपाय म्हणजे त्या तीन साखळ्या कण्यापासून सोडवायच्या आणि प्रत्येकीला मिथेनॉलचा एक छोटा रेणू जोडून द्यायचा. जे तयार होतं ते मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. सुटलेला कणा ग्लिसरीन म्हणून तळाशी जमतो.

यासाठी तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिसळून ६० अंशांच्या आसपास तासभर ढवळतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून त्याच्या खालीच थांबायचं. हिशेब ढोबळमानाने असा, की शंभर किलो तेल आणि दहा किलो मिथेनॉल आत गेलं की शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन बाहेर येतं. कॉस्टिक फक्त क्रिया घडवून आणण्याचं काम करतो, म्हणजे तो उत्प्रेरक, म्हणून तो शंभर किलोला अर्धा ते एक किलो पुरतो.

निदान ताज्या तेलात पुरतो. वापरलेल्या तेलात आधी तयार बसलेलं मुक्त मेदाम्ल असतं, आणि आम्ल व कॉस्टिक समोरासमोर आले की ते दुसऱ्या कशाचीही वाट बघत नाहीत. सरळ साबण होतो. एक टन तेलात चार टक्के मुक्त मेदाम्ल आहे असं धरा. म्हणजे ४० किलो आम्ल. ते साधारण पावणेसहा किलो कॉस्टिक सोडा गिळून टाकतं आणि ४३ किलो साबण तयार होतो. ज्या कॉस्टिकने टनभर तेलाचं बायोडिझेल करायचं, जवळजवळ तेवढाच कॉस्टिक इथे फुकट गेला. सोबत अडीच किलो पाणीही तयार होतं, जे नको तिथे पुन्हा लुडबुड करतं. त्याहून वाईट म्हणजे साबणामुळे ग्लिसरीन आणि बायोडिझेल यांचे थर वेगळे होईनात. टाकीभर पांढरट, सरबरीत लोळा हातात उरतो.

म्हणून धंद्यातला नियम असा, की कॉस्टिकच्या पद्धतीत घालायच्या तेलात मुक्त मेदाम्ल एक टक्क्याच्या आत असावं. ताज्या रिफाइंड तेलात ते ०.१ टक्क्याच्या आसपास असतं. हॉटेलातून येणाऱ्या तेलात एक ते पाच टक्के सहज आढळतं, आणि मोरीच्या ग्रीस ट्रॅपमधून, म्हणजे सांडपाण्यातली चरबी अडवणाऱ्या टाकीतून, उपसलेल्या चरबीत पंधरा टक्क्यांच्याही वर जातं. तयार इंधनाला तर आपल्याकडे आयएस १५६०७ हे मानक लागू आहे. त्यात आम्लांक, म्हणजे एक ग्रॅम इंधनातलं आम्ल मारायला लागणारे पोटॅशचे मिलिग्रॅम, ०.५०च्या आत आणि एस्टरचं प्रमाण किमान ९६.५ टक्के लागतं. रंग काळा की पिवळा, यावर बायोडिझेल पास-नापास होत नाही. रंगावर भाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता माती

सगळ्या माती सारख्या नसतात. सिंधुदुर्गात निघणारी पांढरी चिनी माती दिसायला कितीही स्वच्छ असली तरी तेलाच्या कामाला जवळपास निरुपयोगी. इथे लागते ती बेंटोनाइट किंवा मुलतानी मातीच्या घराण्यातली. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण म्हणजे पापुद्र्यांच्या चळती. प्रत्येक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, वर-खाली सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या थरात ॲल्युमिनियमच्या जागी काही ठिकाणी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे अख्ख्या पापुद्र्यावर थोडा ऋण भार उरतो. तो भागवायला पापुद्र्यांच्या फटींत सोडियम, कॅल्शियमचे धन आयन आणि पाणी येऊन राहतं. चिनी मातीत अशा मोकळ्या फटी नाहीत, भारही नगण्य. म्हणून ती फुगत नाही आणि फारसं काही धरतही नाही.

ही रचना आपल्याला अगदीच अनोळखी नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, ते याच घराण्यातल्या खनिजांमुळे. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि निघून जातं. कच्छमधलं बेंटोनाइट दख्खनच्याच लाव्हा खडकांच्या बदलातून घडलेलं आहे, म्हणजे आपल्या काळ्या मातीचं ते नात्यातलंच. राजस्थानात बाडमेरकडे बेंटोनाइटही निघतं आणि मुलतानी मातीही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना तर बेंटोनाइट नवीन नाही, ओतकामाच्या साच्यातली वाळू धरून ठेवायला तेच वापरतात.

मग शेतातली काळी माती उचलून तेलात टाकली तर? चालणार नाही. तिच्यात सेंद्रिय अंश, चुनखडी, लोहाची ऑक्साइडं, वाळू असं बरंच काही असतं, आणि त्यातलं काही तेलातच उतरेल. शिवाय इंच-इंच तयार व्हायला शतकं लागलेली जमीन तेल गाळायला काढायची, हा हिशेबच उलटा.

माती तेलातली घाण शोषून पोटात घेते असं आपण बोलीत म्हणतो. प्रत्यक्षात घाण पृष्ठभागाला चिकटते. म्हणून पृष्ठभाग किती, यावर सगळं अवलंबून. नैसर्गिक बेंटोनाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ५० ते ८० चौरस मीटर भरतो. आम्लाने प्रक्रिया केलेल्या मातीत तो २०० ते ३०० पर्यंत जातो. म्हणजे चहाच्या चमच्यातल्या चिमूटभर मातीत मुंबईतले पाच-सहा वन बीएचके मावतील एवढी जागा, आणि सगळी भाड्याने द्यायला मोकळी. भाडेकरू कोण येतात? मुख्यतः ज्यांच्या रेणूत विद्युतभार एकीकडे झुकलेला आहे असे, म्हणजे ध्रुवीय रेणू, आणि भार असलेले आयन. हरितद्रव्यासारखे रंग, साबण, फॉस्फरस असलेले मेदपदार्थ, लोह-तांब्याचे आयन, पेरॉक्साइड आणि त्यांची पिल्लावळ. मूळ ट्रायग्लिसराइडला मातीचं विशेष आकर्षण नाही, म्हणून ते गाळणीतून खाली उतरतं.

मुक्त मेदाम्लही थोडंफार ध्रुवीय आहे. मग माती त्याला का धरत नाही? धरते, पण त्याचं प्रमाण बघा. रंगद्रव्यं आणि धातू दशलक्षात काही भाग असतात, आम्ल शंभरात काही भाग. टनभर तेलातलं ४० किलो आम्ल २० किलो मातीवर मावणार कसं? नैसर्गिक माती किंचित अल्कधर्मी असेल तर आम्ल थोडं घटतं. आम्लाने प्रक्रिया केलेल्या मातीत तर कधीकधी उलटंच घडतं. तेलात ओलावा किंवा साबण असेल तर ती माती त्यांच्यापासून नवं मुक्त मेदाम्ल मोकळं करते, आणि गाळलेल्या तेलाचा आम्लांक आधीपेक्षा कणभर वाढलेला निघतो. तेल पिवळंधमक आणि आम्ल जास्त! जोडले गेलेले जड रेणू फोडणं तर कुठल्याच मातीच्या आवाक्यातलं नाही.

काम कसं चालतं

आधी साधी गाळणी. चुरा, भजीचे तुकडे, कधी प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा, सगळं निघतं. मग तेल कोमट करून टाकीत निवळू द्यायचं, पाणी आणि साका तळातून सोडायचा. मीठ जास्त असेल तर गरम पाण्याने एकदा धुवून घेतात, कारण मीठ तेलात नाही, तेलातल्या पाण्यात विरघळलेलं असतं. त्यानंतर तेल तापवून कोरडं करायचं. ही पायरी टाळायचा मोह होतो, पण ओल्या तेलात मातीचे कण गोळा होतात, गाळणीचं कापड बुजतं, आणि मातीच्या जागा पाणीच अडवून बसतं.

मातीही वापरण्याआधी शंभर-दोनशे अंशांवर वाळवलेली बरी. मात्र भट्टीत लालबुंद भाजायची नाही. पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे पापुद्र्यांची रचनाच ढासळते आणि उरते ती विटेची भुकटी. तेल ८० ते ११० अंशांवर ठेवून वीस-तीस मिनिटं ढवळतात. मोठ्या कारखान्यात हे निर्वात टाकीत करतात, कारण गरम तेल, हवा आणि सक्रिय माती एकत्र आली की तेल आणखी बिघडतं. मग फिल्टर प्रेस, म्हणजे दाबाने गाळायचं यंत्र.

माती किती घालायची, हा खरा कौशल्याचा भाग. जास्त माती म्हणजे जास्त स्वच्छ तेल, हे काही हद्दीपर्यंतच. गाळून उरलेल्या चोथ्यात वजनाने वीस ते चाळीस टक्के तेल अडकून राहतं. तीस टक्के धरा. टनाला २० किलो माती घातली तर साडेआठ किलो तेल चोथ्यात गेलं. रंग आणखी खुलावा म्हणून १०० किलो माती घातली तर ४३ किलो तेल गेलं, आणि १४३ किलो चोथा कुठे टाकायचा हा प्रश्न वर. ज्याला इंधन बनवायचं आहे त्याने रंगासाठी एवढी माती खर्चावी, हे माझ्या मते शुद्ध उधळपट्टी. शहाणा कारखानदार डब्यातलं थोडं तेल काचेच्या चंचुपात्रांत घेतो, प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात माती घालून बघतो, आणि साबण व धातू जिथे पुरेसे उतरले तिथेच थांबतो.

यानंतर आम्लाचा समाचार वेगळा घ्यावा लागतो. तेलाचा लहान नमुना अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि मोजून-मोजून पोटॅशचं द्रावण सोडायचं. गुलाबी रंग टिकला की आकडा कळला. बारावीच्या प्रयोगशाळेतलं टायट्रेशन इथे रोजची कमाई ठरवतं. आम्ल जास्त असेल तर मिथेनॉल आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल वापरून आधी त्या मुक्त मेदाम्लाचाच एस्टर करून टाकतात. म्हणजे शत्रूलाच इंधन बनवायचं. मग कॉस्टिकची नेहमीची पायरी.

गंमत म्हणजे इथे माती वेगळ्या वेशात परत येते. सल्फ्युरिक आम्ल द्रवरूपात टाकण्याऐवजी आम्लाने प्रक्रिया केलेलं मॉन्टमोरिलोनाइट उत्प्रेरक म्हणून वापरता येतं. आम्लाचं काम पापुद्र्यांचा पृष्ठभाग करतो, आणि काम झालं की माती गाळून बाजूला. पोटॅश मुरवलेलं बेंटोनाइट कॉस्टिकच्या जागी वापरण्याचे प्रयोगही झाले आहेत. अडचण एकच, मुरवलेलं रसायन हळूहळू धुऊन निघतं आणि चार-सहा फेऱ्यांत मातीचा जोर ओसरतो. आणि अगदी शेवटी, तयार बायोडिझेलमध्ये राहिलेला साबण काढायला एरवी भरपूर पाणी लागतं, ते सांडपाणी पुन्हा वेगळं साफ करावं लागतं. त्याऐवजी मॅग्नेशियम सिलिकेटसारखी कोरडी भुकटी फिरवून गाळली तरी भागतं. पाण्याची ओरड असलेल्या गावात हा फरक मोठा.

नैसर्गिक की आम्लाने धुतलेली

बाजारात ब्लीचिंग अर्थ म्हणून मिळते ती बहुतेक आम्लाने प्रक्रिया केलेली. बेंटोनाइट सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं की फटींतले कॅल्शियमसारखे आयन जातात, त्यांच्या जागी हायड्रोजन येतो, मधल्या थरातलं थोडं ॲल्युमिनियम, लोह विरघळून बाहेर पडतं, आणि पापुद्रे कुरतडले गेल्यामुळे पृष्ठभाग वाढतो. ताकद वाढते हे खरं. पण मागे उरतं आम्लयुक्त, धातूंनी भरलेलं पाणी. नुसती वाळवून, दळून, चाळून वापरलेली नैसर्गिक माती त्या मानाने दुबळी, तीच स्वच्छता मिळवायला जास्त घालावी लागते, आणि एका खाणीची माती दुसरीसारखी नसते. खाद्यतेलाच्या रिफायनरीला रंग एका छटेत हवा असतो, तिला हे परवडत नाही. इंधनवाल्याला छटेशी देणंघेणं नाही. त्याला साबण, फॉस्फरस, धातू खाली आणायचे आहेत. म्हणून नैसर्गिक मातीला खरी जागा या कामातच आहे, असं मला वाटतं. विशेषतः खाण जवळ असेल आणि चोथ्याची सोय असेल तर.

चोथ्याची सोय हे शब्द सहज लिहिले, पण त्यात आगीचा धोका आहे, तोही अलंकारिक नाही. तेलाचा पातळ थर प्रचंड पृष्ठभागावर पसरलेला, त्यात दुहेरी बंध, वर मोकळी हवा. ऑक्सिजन जुळताना उष्णता निघते, ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडत नाही, तापमान चढत जातं आणि कुणी काडी न लावता ढीग धुमसू लागतो. सोयाबीनसारख्या तेलांचा चोथा यात जास्त खोडकर. म्हणून तो ओला करून, झाकून, लहान ढिगांत ठेवतात आणि लवकर हलवतात. वीटभट्टी आणि सिमेंटच्या भट्टीत तो जळणही होतो आणि कच्चा मालही. बायोगॅसच्या टाकीत थोडा-थोडा घालता येतो. हेक्झेन या द्रावकाने त्यातलं तेल काढून तेही इंधनाकडे वळवतात.

विमानाच्या टाकीपर्यंत

बायोडिझेलच्या कामात माती सोयीची आहे, पण तिच्याशिवायही गाडं अडत नाही. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून खऱ्या डिझेलसारखं किंवा विमानाचं इंधन बनवायचं असेल तेव्हा मात्र तिला पर्याय सापडणं कठीण. तिथे तीनशे-चारशे अंश तापमान आणि प्रचंड दाबाखाली हायड्रोजन तेलातला ऑक्सिजन काढून टाकतो. हे घडवणारे निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनमचे उत्प्रेरक महागडे आणि नाजूक. फॉस्फरस किंवा सोडियम-लोहाचे अंश दशलक्षात काही भाग जास्त झाले तरी ते निकामी होऊ लागतात. आम्ल मात्र या पद्धतीला फारसं सतावत नाही, कारण त्यातला ऑक्सिजनही हायड्रोजन काढूनच घेतो. म्हणजे मातीला जे जमत नाही त्याची इथे गरज कमी, आणि जे जमतं त्याचीच नेमकी गरज.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात असं शाश्वत इंधन २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिसळायचं उद्दिष्ट आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन करण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं, आणि वर्षाला सुमारे ३५ हजार टन इंधनाची योजना आहे. जमिनीवरच्या डिझेलसाठी २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. २०१९ च्या १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल विकत घेण्याची योजना काढली, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये ठरवला होता.

पिवळ्या तेलाचा धोका

एवढं सगळं असूनही तेल इंधनाकडे का वळत नाही? कारण त्याला दुसरं गिऱ्हाईक आहे. मोठ्या फरसाणवाल्याचं किंवा हॉटेलचं टाकाऊ तेल स्वस्तात घेऊन लहान गाड्यांवर पुन्हा तळायला वापरलं जातं. आणि माती इथेच घात करते. इंधनाच्या कामात जिचं रंग काढणं बिनमहत्त्वाचं, तीच करामत भेसळवाल्याला हवी असते. मातीतून गाळलेलं तेल डोळ्याला ताजं वाटतं, वासही बराच उतरतो, पण जोडले गेलेले जड रेणू आणि बरीचशी बिघडलेली संयुगं आत तशीच. चीनमध्ये गटारातून आणि हॉटेलांच्या उष्ट्यातून काढलेलं तेल असंच उजळून पुन्हा बाजारात आणल्याची प्रकरणं गाजली होती, आणि २०११ मध्ये तिथल्या पोलिसांनी मोठी धरपकड केली होती.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने यासाठी रंगावर विसंबून न राहता ध्रुवीय संयुगांचं एकूण प्रमाण ही कसोटी ठरवली. १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तळायला वापरता येत नाही. गरम तेलात बुडवायची छोटी, सळईसारखी मापनयंत्रं मिळतात, ती काही क्षणांत हा आकडा दाखवतात. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना वापरलेल्या तेलाची नोंद ठेवणं आणि ते नोंदणीकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे. मातीची मखलाशी इथेही थोडी चालते, कारण ती काही ध्रुवीय संयुगं धरते आणि आकडा जरा खाली येतो. म्हणून नुसत्या मीटरवर भिस्त ठेवण्यापेक्षा तेल कुणाकडे गेलं याची कागदोपत्री साखळी जास्त कामाची.

घरातून देणाऱ्यांसाठी

दिवाळीचा फराळ झाला की बऱ्याच घरांत लिटर-दोन लिटर तेल उरतं. ते बेसिनमध्ये ओतलं तर पाइपात घट्ट होऊन बसतं. तेल पूर्ण थंड होऊ द्या, जुन्या सुती कपड्यातून गाळा, कोरड्या बाटलीत भरा. बाटली धुतलेली असेल तर आधी उन्हात वाळवा, कारण चमचाभर पाणीसुद्धा साठवणीत आम्ल वाढवत राहतं. तूप, डालडा, निरनिराळी तेलं एकत्र झाली तरी इंधनाला चालतं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल मात्र त्यात कधीच मिसळू नका. खनिज तेलाचा एस्टर होत नाही आणि माती त्याला वेगळं काढू शकत नाही, त्यामुळे एका बाटलीपायी संकलकाचं पूर्ण पिंप बाद होतं. तुमच्या सोसायटीत संकलक येत नसेल आणि तेल थोडंच असेल तर ते जुन्या वर्तमानपत्रात किंवा भुशात मुरवून कचऱ्यात द्या.

घरच्या घरी मातीने तेल गाळून बघायला हरकत नाही, फक्त ते परत कढईत जाऊ देऊ नका. बायोडिझेल मात्र घरी बनवू नका. मिथेनॉल बिनरंगी, पाण्यासारखं दिसणारं आणि जहाल विषारी असतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं दगावली, त्या दारूत तेच होतं. त्याची वाफ श्वासातून जाते, द्रव कातडीतूनही अंगात मुरतो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.